तिसरी मुलगी

नातीला आणायला मी ट्यूशनला जरा लवकरच पोचलो. तळमजल्यावरच्या त्या फ्लॅटच्या खिडकीतून फळा दिसत होता आणि फळ्यासमोर उभ्या केलेल्या तीन मुली. इंग्रजीचे सर एकेकीवर पट्टी रोखत होते आणि अख्खा वर्ग ओरडत होता, ‘फॅट, फॅटर, फॅटेस्ट!’ तिसरी मुलगी फ्रॉक खाली ओढत हसायचा प्रयत्न करत होती.

क्लास सुटल्यावर सर फाटकापर्यंत आले. ‘आजोबा, आपली पद्धत प्रॅक्टिकल. उदाहरण समोर उभं केलं, की पोरं जन्मात विसरत नाहीत.’ एवढं बोलून हे गृहस्थ स्वतःवरच खूश झाले. काही माणसांची हुशारी किती स्वस्त असते! फाटकाशी एक उंच नारळ आणि एक बुटका पेरू शेजारी शेजारी उभे होते, एकमेकांकडे न बघता, आपापल्या उन्हात. त्यांना अजून कुणी शिकवलं नव्हतं, एवढंच.

वाटेत मी नातीला विचारलं, ‘ती तिसरी मुलगी कोण गं?’

‘नाव नाही माहीत, आजोबा,’ ती उड्या मारत म्हणाली. ‘आम्ही सगळे तिला फॅटेस्टच म्हणतो.’