कालवडीला पाजलेलं पाणी

माझी थोरली बहीण आणि दाजी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. आमच्या बीड जिल्ह्यातल्या शिरूरकडची निम्मीअर्धी गावं तशी जातात. त्या साली जाताना तिनं दूध तुटलेली एक कालवड माझ्या दारात आणून बांधली.

"लई बारकी हाय गं. तिकडं हिचं हाल व्हतील. ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी."

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. मालक नोकरीला परजिल्ह्यात, त्यामुळं घरात मी एकटीच. मी आनंदानं हो म्हणाले. शाळेतून आले की कालवड माझ्या हाताला नाक लावायची, मग पदर चघळायची. पदराची किनार तिनं पार उसवून टाकली होती.

होळीच्या आधी मला बीडला प्रशिक्षणाला जावं लागलं. दोन दिवसांचंच होतं. शेजारच्या काकूंना सांगितलं, "वैरण टाकून ठेवलीय, तेवढं पाणी दाखवा." त्यांनी मान डोलावली. पण मी निघाले त्याच दिवशी वस्तीवरचा बोअर आटला आणि टँकर काही आला नाही. काकूंच्या घरात प्यायलाच पाणी नव्हतं. आपल्या घागरीतलं तांब्या-दोन तांबे त्यांनी तिच्यापुढं ओतलं, एवढंच. माझा फोन नंबर त्यांच्याकडं नव्हता. जाताना तो द्यायचं मला सुचलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बसमधून उतरले, तर टँकर नुकताच येऊन गेलेला. कालवड मला बघून हंबरलीसुद्धा नाही. नुसती जीभ बाहेर काढून चाटायच्या मिठाच्या खड्याशी उभी होती. डोळे आत गेलेले. मी पिशवी टाकली आणि बादली भरून तिच्यापुढं ठेवली. तिनं एका दमात संपवली. मी दुसरी भरली, मग तिसरी. काकू दारातून म्हणाल्या, "पिऊ दे लेकराला." मीही तेच म्हणत होते. आपल्यामुळं तहानलेली राहिली, निदान आता तरी पोटभर पिऊ दे.

जेवायच्या वेळेला ती थरथरायला लागली. मान खाली टाकली, पाय आडवेतिडवे पडू लागले. मग ती मुतली. जमिनीवर गडद लाल ओघळ.

"काय तरी चावलं गं हिला!" काकू ओरडल्या.

मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते मोटरसायकलवरून आले, पापणी उलटून बघितली आणि पहिलाच प्रश्न केला, "पाणी किती पाजलं?"

"तीन बादल्या."

"त्याआधी किती वेळ तहानली होती?"

मी सांगितलं. सांगता सांगताच पुढचं मला कळलं. आठच दिवसांपूर्वी मी नववीच्या फळ्यावर परासरण शिकवलं होतं. कांद्याचा पापुद्रा मिठाच्या पाण्यात टाकला की पेशी आकसते, साध्या पाण्यात टाकला की टरारून फुगते, पण तिला बाहेरून भिंत असते म्हणून फुटत नाही. प्राण्याच्या पेशीला भिंत नसते, नुसतं पातळ पटल. तेव्हा एका मुलीनं विचारलं होतं, "म्याडम, मग ती पेशी पाण्याला आडवत कावून न्हाई?" मी म्हणाले होते, "पटल मिठाला आडवतं, पाण्याला वाट देतं. जिकडं मीठ जास्त, तिकडं पाणी ओढलं जातं." मुलांनी वहीत लिहून घेतलं होतं.

तहानेनं कालवडीचं रक्त दाट झालेलं, पेशी खारट झालेल्या. त्यात मी एकदम एवढं पाणी ओतलं. रक्त पातळ झालं, पाणी तांबड्या पेशींत शिरलं आणि त्या फुटल्या. फुटलेल्या पेशींचाच रंग अंगणात सांडला होता. मेंदूच्या पेशी फुगल्या म्हणून ती झोकांड्या खात होती.

"थोडं थोडं द्यायला पायजे होतं, म्याडम," डॉक्टर शिरेतून तीव्र मिठाचं सलाईन लावत म्हणाले. त्यांना मी काय शिकवते ते ठाऊक होतं, पण ते त्यावर काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तिथूनच बहिणीला फोन केला. ती फडात होती, मागं कोयत्यांचा आवाज येत होता. सगळं सांगितलं.

"उठती का?"

"अजून नाही."

ती फडातून बाजूला आली असावी, कोयत्यांचा आवाज कमी झाला. मग म्हणाली, "तू बीडला जाणार हायेस, येवढं तरी सांगायचं व्हतंस. मी पुतण्याकडं लावून दिली असती."

खरंच होतं. मला सांगावंसं वाटलंच नव्हतं. दोन दिवसांत काय होतंय, असं मी धरून चालले होते.

दिवस कलताना कालवड उठली. दुसऱ्या दिवशी लघवी फिकी झाली, नंतर साफ झाली. ती वाचली. पण कितीतरी दिवस बादली वाजली की ती धावत यायची, आणि मी तिच्यापुढून अर्धी बादली ओढून घ्यायचे. ती रिकाम्या जागेवर जीभ फिरवत माझ्याकडं बघायची. काकूही गप्प गप्प झाल्या होत्या. चूक आपलीच असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. मी कितीदा समजावलं, तरी त्या मान खालीच घालायच्या. माझ्या हलगर्जीपणाचा वाटा त्यांनी विनाकारण उचलला होता.

पाडव्यानंतर बहीण आली आणि कालवड घेऊन गेली. मला एका शब्दानंही टाकून बोलली नाही. उलट शाळेत खायला म्हणून मला गुळाची ढेप दिली.

पुढच्या दिवाळीनंतर ट्रॅक्टर त्यांच्या दारात लागला तेव्हा मी निरोप द्यायला गेले. भांडीकुंडी, शेळ्या चढवून झाल्या होत्या. कालवड ट्रॉलीशेजारी उभी होती.

"हिला नेताय?" मी विचारलं.

"नेते. तुझ्यावर भरवसा न्हाई असं न्हाई गं," बहीण घाईनं म्हणाली. "तुला शाळा असती. तुझ्यामागं कशाला व्याप?"

दाजींनी फळी लावली. कालवड काही केल्या चढेना, पुढचे पाय रोवून मागंच सरायची. दाजी वरून दावं ओढत होते, बहीण चुचकारत होती. शेवटी मी मागून दोन्ही हात लावले आणि तिला वर ढकललं.