जोडीदाराची नोंद

परवा मी माझ्याच अक्षरातली एक खोटी ओळ खोडली. वही साठ वर्षांपूर्वीची, शाई तपकिरी पडलेली, पण खोटं अगदी स्वच्छ वाचता येत होतं: "जोडीदार घाबरला. मी माझी हवा देऊन त्याला वर आणलं." खाली सही माझी.

मध्य प्रदेश तेव्हा नवा होता. बुडालेल्यांना काढण्यासाठी इंदूरमध्ये एक पथक उभं राहत होतं. शिकवायला नौदलातून निवृत्त झालेले एक कोकणी गृहस्थ आले होते. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. पाठीवर हवेची टाकी बांधून बावडीत उतरण्याचं पहिलं प्रशिक्षण आम्ही आठजण पास झालो आणि स्वतःला मगरी समजायला लागलो. उस्ताद म्हणाले, "आत्ता कुठे पाण्याने तुमचं तोंड पाहिलंय. शिकायचं ते पुढेच आहे." पुढचं म्हणजे खोल उतरणं, गढूळ पाण्यात नुसत्या हातांनी शोधणं आणि एका नळीवर दोघांनी जगणं: दोन श्वास तू, दोन मी.

माझा जोडीदार गिरणीतल्या विणकराचा मुलगा. मी बडा गणपतीजवळ राहणारा. आजोबांच्या दरबारी नोकरीची ऐट आमच्या घरातून अजून उतरली नव्हती. तो इंदुरी थाटात 'भैया'चं 'भिया' करून चिडवायचा, "भिया, पाण्यात सरदारकी नहीं चलती. तिथे सगळेच ओले."

उस्तादांचा एक नियम होता. स्वतःची नोंद स्वतः लिहायची नाही. वर आल्यावर तू त्याची लिही, तो तुझी लिहील. "खाली तुमचा साक्षीदार एकच असतो," ते म्हणायचे. पथकात कोण जाणार, ते या नोंदींवरून ठरायचं.

शेवटची परीक्षा शहराबाहेरच्या तलावात होती. तळाला टाकलेली पितळी कळशी शोधायची होती. खाली स्वतःचं मनगटही दिसत नव्हतं. मी चिखल चाचपत होतो आणि माझ्या हातात एक हात आला. पाच बोटं, थंडगार. मी ओरडलो, नळी तोंडातून सुटली आणि उरलासुरला श्वास कोंडून मी सरळ वर उसळलो. असं केलं तर छाती फुटते, वर यायचं ते हळूहळू, हे उस्तादांनी हजारदा बजावलं होतं.

तेवढ्यात घोट्याला पकड बसली. जोडीदाराने मला खाली ओढलं, पोटात गुद्दा मारून हवा सोडायला लावली आणि स्वतःची नळी माझ्या तोंडात दिली. दोन श्वास मी, दोन तो, असं ठरलेलं. मी पाच-पाच घेतले, त्याला जेमतेम एक मिळू दिला. तरी घाई न करता, बुडबुड्यांच्या मागे मागे, तो मला वर घेऊन आला.

काठावर तो खोकत, ओकत आडवा झाला. मी उभा होतो. उस्तादांनी दोघांकडे पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली, "शाबास!" तेव्हाच "मी नाही, त्याने" म्हणायला हवं होतं. मी वही ओढली आणि ती ओळ लिहिली.

दुपारी पुढच्या जोडीला तो हात सापडला. देवीची दगडी मूर्ती होती. देवळातली मूर्ती भंगली की आपल्याकडे ती पाण्यात सोडतात. लहानपणी वडिलांबरोबर मीही अशी एक सोडायला गेलो होतो. तरी देवीचा हात मी प्रेताचा समजलो.

मी पथकात गेलो, माझे सत्कार झाले. तो नापास ठरून गिरणीत लागला. रविवारी पोहे खायला भेटायचा. त्या दिवसाबद्दल एक शब्द कधी बोलला नाही.

परवा पथकाच्या जुन्या माणसांचा मेळावा होता. मी हट्टाने त्याला सोबत नेलं, माईक घेतला आणि सगळं सांगितलं. आवाज खणखणीत निघाला. संपल्यावर आधी पथकातली नवी मुलं उभी राहिली, मग सगळं सभागृह. टाळ्या थांबेनात. पथकाच्या प्रमुख बाईंनी कपाटातून ती वही आणली. मी ओळ खोडून खाली लिहिलं, "घाबरलो मी. त्याने मला वर आणलं."

बाईंनी पान उलटलं. माझ्याबद्दल त्याने लिहिलेली नोंद वाचायचं धाडस मला कधीच झालं नव्हतं. तिथे एवढंच होतं: "दोघे एका नळीवर वर आलो. जोडीदार सुखरूप."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. तो काठी टेकत जवळ आला आणि माईकमध्येच म्हणाला, "भिया, उस्ताद बोले थे, धीरे ऊपर आना. पर साठ साल?"

सभागृहात हशा पिकला. बाईंनी पथकाचा बिल्ला त्याच्या सदऱ्याला लावला. त्याने मान खाली घालून बिल्ला बघितला, बोटाने किंचित सरळ केला आणि त्यांना विचारलं, "तो फिर मॅडम, अगली ट्रेनिंग कब से?"