अक्काच्या दहाव्याला आईचं हसू

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आईचे हातपाय ताळ्यावर आले, हसू काही आलं नाही. दूध उतू गेलं की हसू, टीव्हीवर कुणी मेलं तर खो खो हसू. पोटात रडू असतं आणि तोंडातून हसू फुटतं, असं ती स्वतःच सांगायची. डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढून दाखवला. हसण्यारडण्याची कळ खाली, मेंदूच्या देठात. "आता पुरे" हा निरोप वरच्या मेंदूकडून यायचा, आणि तो पोचवणाऱ्या रसायनांची वाटच बिघडलेली. गोळ्यांनी थोडा फरक पडेल, म्हणाले. 'थोडा' ऐकून आई हसली. मीही.

अशात तिची थोरली बहीण, अक्का, गेली. एका पितळी हंड्यावरून दोघींचा सहा वर्षं अबोला होता.

"मला न्हेऊ नको," आई म्हणाली. "हसले तर लोकं म्हनतील, हिला आनंद झालाय."

"म्हणू देत, मी बघते एकेकाकडे." माझं तोंड सगळ्या भावकीला ठाऊक आहे.

कोपरगावला गोदावरीच्या घाटावर पिंड मांडला, पण कावळा शिवेना. मावशीची काहीतरी इच्छा राहिली असणार, म्हणून सगळे कबूल करत सुटले.

"नातीचं लगीन धूमधडाक्यात करू!" कावळा ढिम्म.

"म्हैस इकनार न्हाई!" ढिम्म.

"तुझी सिरियल आमी बघत जाऊ!"

आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिचे खांदे हलताना दिसले. फुटलंच ते. खदाखदा, घाट दणाणला. सगळ्या माना वळल्या.

"बघा, सहा वर्षांचं उट्टं काढतीय," एक मामी फणकारली.

"ओ मामी, आजार आहे तो! रडतेय ती!" मी ओरडले. ते इतकं खुळ्यासारखं ऐकू आलं की मलाच हसू आवरेना. मग मामीलाही.

डोळ्यांतून धारा, आणि हसण्यातून आई कशीबशी बोलली, "अक्का... हंडा तुझाच गं!"

कावळा भिंतीवरून उडून पिंडाजवळ उतरला. मावशीच्या नवऱ्यानं हात हलवून त्याला मागं सारलं.

"थांब रं जरा," ते म्हणाले. "सहा वर्षांनी बोलतीया भनीशी. ऐकू दे तिला."