तात्यांचा ओला लेंगा

या जगात माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार असतील तर ते माझ्या तात्यांचे, आणि म्हणूनच मी त्यांना भर एप्रिलमध्ये वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडावर, नखशिखांत भिजलेल्या अवस्थेत, सहा तास सोडून गेलो.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. एकतीस वर्षं ते मुंबईत फोर्टमधल्या एका ऑफिसात शिपाई होते. लालबागला गावकीच्या खोलीत अठरा जणांबरोबर वळकटी पसरायची, रविवारीसुद्धा ओव्हरटाइमला जायचं आणि गावाकडे मला शिकवायचं, एवढंच त्यांनी केलं. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर; तात्या स्वतः चौथी पास. आता ते गावी असतात आणि मुंबईचे जिने चढून झिजलेल्या गुडघ्यांना काकूकडून तेल चोळून घेतात.

मी रत्नागिरीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला आहे. गेल्या वर्षी मी जुनी गाडी घेतली आणि ठरवलं, की ज्या माणसाने मुंबईत एकतीस वर्षं काढून मुंबई पाहिली नाही, त्याला मुंबई दाखवायची आणि येताना वज्रेश्वरीला गरम पाण्यात गुडघे शेकून आणायचे. तात्यांना विचारलं तर ते म्हणाले, "मुंबई ऱ्हाऊ दे. गुडघं तेवढं शेकव."

पण मी पदवीधर! मी वेळापत्रक केलं. तीन दिवसांचं, मिनिटांसकट, चार प्रती. त्यात "दिवस तिसरा, ९.३० ते ९.५०, कुंडस्नान" अशी नोंद होती. वीस मिनिटं. (मला ती भरपूर वाटली होती.)

निघायच्या आदल्या दिवशी गावी जाऊन सामान भरलं. लालबागला काकूची बहीण शेवंतीमावशी राहते. आता आमच्याकडून मुंबईला जाणारा माणूस रिकाम्या हाताने गेला तर त्याला परत आल्यावर वाडीत कुणी विचारत नाही. म्हणून मावशीसाठी भेट: कुळथाचं पीठ, आमसुलं, तांदळाचे पापड आणि फणसपोळी. ही भेट एका जांभळ्या पिशवीत आणि कुंडावर नेसायचे तात्यांचे कोरडे कपडे, म्हणजे त्यांचा जादाचा एकुलता जोड, दुसऱ्या जांभळ्या पिशवीत. (दोन्ही पिशव्या एकाच लग्नातल्या आहेराच्या.) मी ग्रंथालयातला माणूस. चिठ्ठीशिवाय वस्तू हलू देत नाही. एकीवर "भेट" आणि दुसरीवर "स्नान" अशा चिठ्ठ्या मी स्वहस्ते चिकटवल्या.

पहाटे काकू म्हणाली, "दिन्या, त्या एका पिशवीची चेन बिगडलीय. मी रातच्याला आतलं सामान अदलाबदल केलंय हां."

"चिठ्ठी आहे ना वर?"

"चिठ्ठी हाय, पन..."

"मग काकू, चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा!"

काकूने तात्यांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "शिकलेला हाय तो."

आम्ही निघालो. मी, बायको स्मिता, तात्या आणि काकू. संगमेश्वर मागे टाकून तुरळला पोचतो तोच तात्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"दिन्या, थांब जरा. हितं गरम पानी हाय. हायवेला लागूनच. गुडघं बुडवूया."

"तात्या, तुरळ वेळापत्रकात नाही."

"पानी तर गरमच हाय ना?"

"वज्रेश्वरीला आहे ना परवा! तिथे वीस मिनिटं दिलीत तुम्हाला."

तात्या मागे वळून कुंडाकडे बघत बसले. चार तास मागेच बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मुंबईदर्शन. ते दर्शन मी तात्यांना घडवलं, की तात्यांनी मला, हे अजून ठरायचंय. कारण मुंबईतली प्रत्येक प्रेक्षणीय इमारत तात्यांना मागच्या बाजूने पाठ होती! मी म्युझियमचा घुमट दाखवला, तर ते म्हणाले, "पाकिटं घ्यायची खिडकी त्या अंगाला." मी एका दगडी कमानीचा इतिहास सांगायला लागलो, तर म्हणाले, "हिच्या सावलीत डबा खाल्ला की झोप यायची." आणि रस्ते सांगायची त्यांना भारी हौस. पण ते सगळे रस्ते पायी चालणाऱ्याचे!

"हितनं आत घाल. पाच मिन्टात चौपाटी."

घातली. बोळ अरुंद होत होत गेला आणि शेवटी एक नळ लागला. नळावर एक बाई बादली लावून उभी होती. तिने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि बादली न हलवता विचारलं, "कुठे जायचंय?"

"चौपाटीला," मी म्हणालो.

"ह्या मोरीतून?"

मागे घ्यायला पाऊण तास लागला. अर्धी चाळ "कट मार, कट मार" म्हणत होती. (मला लायसन्स मिळून आठ महिने झाले होते. कट म्हणजे नेमकं काय मारायचं, हे मला अजूनही ठाऊक नाही.) तात्या खाली उतरून म्हणाले, "माझ्या टायमाला मी हितनंच जायचो." त्या नळामागून माणूस जाऊ शकत होता, हे खरं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादरच्या लॉजवरून निघून लालबागला मावशीच्या दारात थांबलो. मी डिकीतून "भेट" काढली. काकू म्हणाली, "उघडून तरी बग."

"काकू! चिठ्ठी!"

मावशीला पिशवी दिली, उभ्याउभ्या चहा घेतला आणि निघालो. वज्रेश्वरीला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. अर्धा तास उशीर झाला होता, म्हणून मी गाडी लावता लावताच ओरडलो, "तात्या, दहा वीसला आपण बाहेर!"

तीर्थात अंगावरच्या कपड्यांनिशी उतरायचं आणि कोरडं नेसून निघायचं, अशी तात्यांची पद्धत. ते लेंगा-सदऱ्यासकट कुंडात उतरले. पाणी गुडघ्यांना लागलं, आणि त्यांचा चेहरा असा काही सैल पडला, की तसा मी आयुष्यात पाहिला नव्हता. पण मी घड्याळ पाहत होतो.

"तात्या, झाली वेळ!"

ते निथळत वर आले. मी पिशवी उघडली.

कुळथाचं पीठ.

मी दोन्ही हात आत घालून ढवळलं. आमसुलं. पापड. फणसपोळी. लेंगा नाही, सदरा नाही, टॉवेल नाही.

"काय झालं?" तात्यांनी विचारलं.

"तात्या... ही भेट आहे."

"मंग आता काय, पिठलं नेसू?"

काकूने पिशवीवरची "स्नान" ही चिठ्ठी सोलून माझ्या हातावर चिकटवली. तेवढ्यात माझा फोन वाजला. शेवंतीमावशी!

"दिनेश, पिशवीत भाऊजींचे कपडे आहेत रे. म्हणजे आज राहायला येताय ना? मी चौघांचा भात टाकलाय!"

मी तात्यांना म्हणालो, "इथे दुकानं आहेत. मी नवा लेंगा आणतो."

"नको. इकतचं अंगाला टोचतं."

"लुंगी?"

"मी काय लुंगीवाला वाटतो? माझाच लेंगा पायजे. जा, घेऊन ये."

ज्या माणसाने मला शिकवलं, त्याला मी ओल्या लेंग्यात बसवून ठेवणार होतो का? मी गाडीत बसलो. निघताना काकूने मघाची जांभळी पिशवी पुढे केली होती, पण मी इतका घाईत होतो, की "आता पिशव्या नकोत!" असं म्हणून सुसाट निघालो.

भिवंडी, ठाणे, ट्रक, सिग्नल, घाम. लालबागजवळ आल्यावर नकाशा लावावा म्हटलं, तर स्मिताच्या फोनवरून तात्यांचा फोन. नकाशा गेला, तात्या आले.

"कुठं पोचलास? पुलाखालनं घूस. डावीकडं गिरन लागंल."

"गिरणी नाही तात्या. टॉवर आहे."

"मंग टॉवरच्या आतनं जा."

"वॉचमन सोडत नाही!"

"मागच्या जिन्यानं उतर."

"तात्या, मी गाडीत आहे!"

"मंग फिरून ये. घाई करू नको. निवांत ये."

'निवांत ये' हे शब्द तात्यांनी चार वेळा उच्चारले. मी गहिवरलो. म्हटलं, बघा, स्वतः ओला बसलाय, पण काळजी पुतण्याची!

एक वाजता मावशीचं दार गाठलं. तिने कपड्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि माझ्या मागे डोकावून पाहिलं.

"आणि भेट?"

भेट कुंडावर होती.

"येताना आणायची ना रे! शिकलेला ना तू?" मावशीने मला चौघांच्या भातातला दोघांचा भात बळेच वाढला. मी मान खाली घालून जेवलो.

परतीला भिवंडीच्या कोंडीत क्लच दाबून दाबून माझा डावा गुडघा कामातून गेला. साडेचार वाजता मी लंगडत, पिशवी छातीशी धरून कुंडावर धावलो.

तात्या कुंडाच्या पायरीवर बसले होते. लेंगा मांडीपर्यंत वर घेऊन पाय पाण्यात. बाजूला त्यांच्याच वयाचे तीन गृहस्थ. मधोमध मावशीची भेट उघडलेली, आणि चौघेही फणसपोळी चघळत होते. तात्यांचा सदरा खडखडीत कोरडा. बाहीला तर इस्त्रीची घडी पडल्यासारखी दिसत होती!

"तात्या, कपडे?"

"वाळलं की."

"कधी?"

"अकराला," काकू म्हणाली. "उन्हात उभं केलं त्यांना. पापड वाळावा तसं वाळलं."

"अकराला? मी तेव्हा भिवंडीपर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो! मला फोन का नाही केला?"

स्मिता दुसरीकडे बघत म्हणाली, "मी करणार होते. तात्या नको म्हणाले."

मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी फणसपोळीचा तुकडा सावकाश गिळला.

"सांगितलं असतं तर तू परत आला असतास. मंग लगेच म्हनाला असतास, तात्या चला, वेळ झाली." त्यांनी पाण्यातले पाय हळूच हलवले. "एकतीस वर्सं घड्याळाकडं बगून जिने चढलो, दिन्या. आज ह्ये गुडघं म्हनाले, बस जरा."

मी त्यांच्या शेजारी बसणार होतो. पण गुडघा वाकेना.

तात्यांना फोन चालतो, पण आवडत नाही. लहानपणी घरची सगळी पत्रं मीच त्यांना मुंबईला लिहायचो. म्हणून रत्नागिरीला परतल्यावर त्याच आठवड्यात मी त्यांना हे पत्र टाकलं:

"तीर्थरूप तात्यांस, दिनेशचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, झाल्या प्रकाराबद्दल क्षमा असावी. काकूंना सांगावे, की चिठ्ठीपेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवायला हवा होता, हे मला मान्य आहे. शेवंतीमावशींचा रोज फोन येतो. त्यांच्यासाठी पुन्हा भेट भरावी लागेल. पिशवी कृपया हिरवी घ्यावी.

तुमचे गुडघे बरे आहेत, तुम्ही परवा खळ्यात मांडी घालून बसलात, हे काकूंकडून कळून फार बरे वाटले. माझा डावा गुडघा मात्र अजून दुखतो. डॉक्टरांनी गरम पाण्यात शेकायला सांगितले आहे. येत्या रविवारी मी एकटाच एस.टी.ने तुरळच्या कुंडावर जात आहे. वेळापत्रक केलेले नाही.

ता. क. स्मिताने घरी बरीच कामे काढून ठेवली आहेत. तिचा आपल्याला फोन आल्यास एवढेच सांगावे, की दिनेशचे कपडे संध्याकाळपर्यंत काही वाळत नाहीत.

आपला आज्ञाधारक,
दिनेश (बी. ए.)"