पंधरा ऑक्टोबरची रात्र कोणाची?

ट्वायला मॅडॉक्स कोंबड्यांच्या कारखान्यात मांड्या कापायची, मिनिटाला पस्तीस. पट्टा सरकत राहायचा आणि सुरी जरा थांबली की मुकादम बोंब ठोकायचा. अकरा वर्षांत तिचं एक बोट अर्धं गेलं होतं, पण त्याचं तिला फार दुःख नव्हतं. रॉइसबरोबरच्या आठ वर्षांच्या संसारात त्याहून जास्त गेलं होतं. दोन दात, एक बरगडी, डाव्या कानाचं ऐकणं. पाइन फोर्क गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. चर्चमधल्या बायका तिला प्रार्थना कर म्हणून सांगत. प्रार्थनेनं बरगडी सांधत असती तर गावाला डॉक्टर कशाला लागला असता!

शेवटी घटस्फोट झाला. जज्जसाहेबांनी मारहाणीचा पुरावा मागितला, तो ट्वायलाकडे नव्हता. म्हणून त्यांनी नऊ वर्षांची जोसी दोघांत वाटून टाकली. एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाकडे, शनिवारी दुपारी बारा वाजता अदलाबदल.

कर खात्याचं गणित मात्र रात्रींवर चालतं. वर्षभरात मूल ज्याच्या घरी जास्त रात्री झोपलं, त्यानं अर्जावर ‘कुटुंबप्रमुख’ लिहायचं. त्याला कर कमी आणि मुलाची सवलतही त्यालाच. रात्री सारख्या भरल्या तर सवलत जास्त कमावणाऱ्याची. ट्वायलाच्या फ्रिजवर पशुखाद्याच्या दुकानातलं कॅलेंडर लटकत असे. जोसी आपल्याकडे झोपली की ती त्यावर लाल फुली मारायची. ते लीप वर्ष होतं. वर्ष संपलं तेव्हा तिच्या फुल्या एकशे चौऱ्याऐंशी भरल्या आणि रॉइसकडे राहिल्या एकशे ब्याऐंशी रात्री.

तिची एक जादा फुली पंधरा ऑक्टोबरची होती. तो आठवडा रॉइसचा होता. संध्याकाळी जोसी दीड मैल अनवाणी खडीवरून पळत आईच्या दारात आली. भुवई फाटली होती, तळव्यांतून रक्त येत होतं. ट्वायला तिला तशीच शेरीफकडे घेऊन गेली. रॉइसनं बिनदिक्कत सांगितलं, पोरगी ओट्यावरून पडली. जोसीनं बापाकडे एकदा बघितलं आणि मान हलवली, हो, पडले. तेव्हापासून ती बूट घालून झोपायला लागली, आईकडेसुद्धा. ट्वायलाला रोज सकाळी चादरीवर बुटांची माती दिसायची. पोर पुरती आपल्याकडे आली पाहिजे, याखेरीज तिला दुसरं काही नको होतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रॉइस जोसीला न्यायला आला. तिला ट्रकमध्ये बसवून तो परत घरात शिरला आणि दार लावून घेतलं. हातात एक कागद होता.

“सही कर,” तो म्हणाला. “पंधरा ऑक्टोबर माझी रात्र होती. एकशे त्र्याऐंशी तुझ्या, एकशे त्र्याऐंशी माझ्या. कमाई माझी जास्त. म्हणजे पोरगी माझ्या अर्जावर.”

“झोपली माझ्याकडे ती.”

बोलणं तिथंच संपलं. त्यानं तिचे केस धरले आणि तोंड फ्रिजवर आदळलं. एकदा, दोनदा. कॅलेंडर फाटून खाली पडलं. तिनं ओट्यावरची सुरी घ्यायला हात टाकला. आयुष्यभर सुरीच चालवली होती तिनं, आणि तिला खरोखरच खुपसायची होती. त्यानं मनगट पिरगाळलं. हाड मोडल्याचा आवाज तिला उजव्या कानानं स्पष्ट ऐकू आला. त्यानं तिला खुर्चीत ढकललं आणि कागद पुढे सरकवला.

“रक्त सांडू नकोस त्यावर. सरकारी काम आहे.”

तिनं वाचलं. रॉइसच्याच अक्षरात होतं: *१५ ऑक्टोबरला जोसी उलट बोलली. मी तिला पट्ट्यानं मारलं, बक्कल भुवईला लागलं. म्हणून ती पळाली. मी मारलं नसतं तर ती माझ्याचकडे झोपली असती. म्हणून ती रात्र माझी.*

ट्वायलानं पुन्हा वाचलं. हा माणूस शेरीफशी डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलायचा. पण त्याचा काका कराच्या कागदावर खोटं लिहून दोन वर्षं तुरुंगात सडला होता. तेव्हापासून मॅडॉक्सांच्या घरात कर खात्यापुढे सगळे सरळ. त्याच्याबरोबर ट्रक चालवणाऱ्या एकानं सांगितलं होतं, ती रात्र तुझी का ते अगदी खरं आणि सविस्तर लिही. त्यानं लिहिलं. पोरीला पट्ट्यानं मारणं यात लपवण्यासारखं काही आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

ट्वायलानं डाव्या हातानं सही केली. मग तोंडातलं रक्त गिळून म्हणाली, “दोन प्रती लागतात. एक बापाकडे, एक आईकडे. तुझी सही दोन्हींवर.”

“खरंच?”

“कराचे अर्ज भरणाऱ्या नडीनबाईंना विचार. नाहीतर अर्ज परत येईल.”

तो तिच्याच टेबलावर बसला आणि जीभ बाहेर काढून, एकेक शब्द जपून, त्यानं सगळं पुन्हा लिहून काढलं. तारीख घातली, सही ठोकली. ती समोर मोडका हात मांडीवर धरून बसली होती आणि श्वाससुद्धा जपून घेत होती.

ट्रक वळणाआड जाताच आपली प्रत घेऊन तिनं शेरीफचं ऑफिस गाठलं. तासाभरात जोसी परत आली.

मार्चमध्ये जज्जसाहेबांनी कागद मोठ्यानं वाचला. रॉइस प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“होय साहेब. रात्र माझीच होती.”

वकिलानं त्याची बाही ओढली, पण उशीर झाला होता. पोरगी कायमची आईकडे गेली आणि रॉइसची रवानगी तुरुंगात झाली.

एप्रिलात ट्वायला प्लास्टरमधला हात घेऊन नडीनबाईंकडे अर्ज भरायला गेली. बाई सलूनच्या मागच्या खोलीत सगळ्या गावाचे कर भरून द्यायच्या. जोसी बाजूच्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती.

“असल्या कागदानं काही होत नाही गं पोरी,” नडीनबाई म्हणाल्या. “मूल जिथं झोपलं, तिथली रात्र. त्या मूर्खाला कोणी सांगितलं?”

“मला माहीत होतं,” ट्वायला म्हणाली. “पण पोर पुरती घरी आलीय. एका रात्रीवरून आता मला त्याच्याशी भांडायचंच नाही. ती रात्र घेऊ दे त्याला.”

“अगं, खोटं कसं लिहू? शेवटचं सांग. पंधरा ऑक्टोबर कोणाची धरू? त्याची की तुझी?”

“माझी,” जोसी म्हणाली.

दोघींनी तिच्याकडे बघितलं.

“पळाले मी ना?”

नडीनबाईंनी चष्मा पुसून ट्वायलाच्या रात्रींच्या रकान्यात एकशे चौऱ्याऐंशी लिहिलं.