बिनसायनाईडचं प्लेटिंग

बारामतीच्या एमआयडीसीत माझ्या नवऱ्याचं प्लेटिंगचं छोटं वर्कशॉप होतं. स्कूटरच्या नटबोल्टांवर, पट्ट्यांवर जस्ताचा मुलामा चढवायचा, एवढंच काम. टाक्यांत सायनाईड असायचं. नव्वदच्या दशकात सगळेच तसं करत. एका उन्हाळ्यात मागच्या ओढ्याचं पाणी पिऊन धनगराच्या शेळ्या मेल्या. ओढ्यात गेलेलं ते पाणी आमच्या टाक्यांचं की शेजारच्यांचं, ते कधीच कळलं नाही. प्रदूषणवाले आले आणि ओढ्याकडेच्या सगळ्याच वर्कशॉपची वीज तोडून गेले.

नवरा इंदापूरला घरी येऊन बसला. ताटावरून तसाच उठायचा. मग एक दिवस पुण्याला गेला आणि सायनाईडशिवाय चालणारं रसायन घेऊन आला. परसात प्लास्टिकच्या बादलीत लोखंडी पट्ट्या बुडवून बघू लागला. मुलामा चढायचा, पण पट्टी वाकवली की पापुद्रे सुटायचे. दिवसचे दिवस हेच.

"अहो, आधी चांगल्या उकळून घेऊ," मी म्हटलं. "तेलकट भांड्याला कल्हई तरी कुठं धरते?"

साबण-सोड्यात पट्ट्या उकळल्या, ॲसिडात जास्त वेळ ठेवल्या, खळखळून धुतल्या. तरी कितीदा फसलं. शेवटी एक पट्टी त्यानं वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली.

"धरलं गं!" तो म्हणाला आणि तिथंच रडायला लागला.

ज्या स्कूटर कंपनीचं काम करायचो, तिथं आम्ही दोघं ती पट्टी घेऊन गेलो. खरेदीच्या साहेबांनी ती उजेडात धरली. "माल झकास आहे. पण आमची लाईन थांबली असती हो. काम दुसऱ्याला दिलंय."

तो दुसरा मोरगाव रस्त्याला शेतातल्या शेडमध्ये प्लेटिंग करायचा. सायनाईडचंच. तिकडं अजून कुणी तपासायला गेलं नव्हतं.

"साहेब, त्याचं पाणी कुठं जातं, बघितलं का?" मी विचारलं.

"ते बघणं माझं काम नाही."

परतताना एसटीत नवरा एवढंच बोलला, "चांगलं करून बी मरायचंच व्हय?"

पुढं परवानगी मिळाली, वीज जोडली, टाक्या नव्या रसायनानं भरल्या. पण काम आलं ते मोटारपंप दुरुस्तीवाल्यांचं, तेही ओंजळभर. शेवटी नवरा दुसऱ्याच्या कारखान्यात शिफ्टला लागला आणि टाक्या विकायला काढल्या.

घेणारा टाकीत वाकून म्हणाला, "ह्यात सायनाईड चालंल न्हवं?"

नवऱ्यानं मान वळवली. मग टाक्या टेम्पोत चढवायला त्यानंच हात लावला.