रैन बसेऱ्यातलं पायपुसणं

मंडळी, आज आमच्या महिला मंडळाची फजिती झाली, ऐका.

पांढुर्ण्याच्या रैन बसेऱ्यात, म्हणजे बेघर लोकं राहतात तिथं, आम्ही संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. वाण आणायचं काम माह्याकडे होतं. मी दरवर्षी घरी जे लुटते तेच उचलून आणलं, पायपुसणी! चांगली जाडजूड, रंगीत.

हळदीकुंकू झालं, वाण वाटलं. तिथं राहणाऱ्या शेवंतामावशीनं पायपुसणं उलटंपालटं करून पाह्यलं.

"ताई, हे दारात टाकतात ना? मंग आमचं दार कुठं आहे?"

माह्या तोंडचं पाणीच पळालं. अध्यक्षीणबाई छताकडे पाहून राहिल्या होत्या.

"मावशी, द्या ते. उद्या दुसरं काही आणते," मी म्हटलं.

"काहून? वाण कोणी वापस करते का?"

मावशीनं ते आपल्या खाटेपुढं अंथरलं अन् खाटेवर मांडी घालून बसली. मी तिळगूळ द्याले पुढं गेली, तं तिनं हात आडवा केला.

"पाय पुसून या. आत्ताच झाडलं मी."

मंग काय, आम्ही साऱ्याजणी लायनीत उभ्या राहिलो अन् पाय पुसून एकेक करून आत गेलो.

आता त्याले 'आत' नाही तं काय म्हणू, तुम्हीच सांगा!